खानदेशच्या उन्हाळ्यात घरातील कुंड्यांची निगा

जळगाव व धुळे जिल्ह्यांत मार्चच्या मध्यापासून मृगाच्या पावसापर्यंत कडक उन्हाळा असतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते व काही दिवस त्याही पुढे जाते. दुपारी हवेतील आर्द्रता १५ ते २० टक्क्यांपर्यंत खाली येते. या दिवसांत केळीची बाग वाचविण्यासाठी काय करावे लागते हे खानदेशातील शेतकऱ्यांना सांगण्याची गरज नाही. बागेभोवती शेवरीचा वारारोधक, बुंध्याशी आच्छादन, ठिबकाचे वेळेवर पाणी ही कामे प्रत्येक बागायतदार करतो. मात्र त्याच घरातील हौसेने लावलेल्या मनीप्लँट, अरेका पाम, अॅग्लोनेमाच्या कुंड्या आखाजीच्या सुमारास माना टाकतात. पानांच्या कडा करपतात, खालची पाने पिवळी पडून गळतात आणि मृग निघेपर्यंत निम्म्या कुंड्या रिकाम्या होतात.

"रोज पाणी घालतो, तरी झाड वाळते" ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. या तक्रारीतच बऱ्याच वेळा रोगाचे मूळ असते. प्रस्तुत लेखात घरातील झाडे उन्हाळ्यात का मरतात, पंखा, कूलर व एसी यांचा त्यांच्यावर काय परिणाम होतो आणि कमी पाण्यात ती कशी टिकवावीत, याची माहिती दिली आहे.

घराची हवा बदलली आहे

खानदेशातील जुनी धाब्याची घरे मातीच्या जाड भिंतींची होती. वर मातीचे धाबे, पुढे ओसरी, कोपऱ्यात पाण्याचा रांजण. अशा घरात दुपारी बाहेरच्यापेक्षा बराच गारवा राहत असे. आता बहुतेक घरांवर सिमेंटचा स्लॅब आहे. स्लॅब दिवसभर तापतो व रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खाली सोडतो. त्यामुळे वरच्या मजल्यावरील खोलीत कपाटावर किंवा उंच फळीवर ठेवलेल्या कुंडीला रात्रीही विसावा मिळत नाही. उन्हाळ्यात अशा कुंड्या खाली जमिनीवर उतरवाव्यात. खोलीतील हवा वरच्या भागात अधिक गरम व फरशीजवळ त्यामानाने थंड असते. एवढ्या एका बदलाने पैसा खर्च न करता झाडाचा त्रास कमी होतो.

झाड करपते कसे

पानांवर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. मुळांनी घेतलेले पाणी या रंध्रांतून वाफेच्या रूपाने बाहेर पडते व पान थंड राहते. माठातील पाणी जसे पाझरून गार होते, तसाच हा प्रकार आहे.

हवा किती पाणी ओढते हे तिच्या तापमानावर अवलंबून असते. ४० अंश तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ५१ ग्रॅम बाष्प सामावून घेऊ शकते. २५ अंशांची हवा सुमारे २३ ग्रॅम घेते. मे महिन्यातील दुपारी आर्द्रता १५ टक्के असेल तर त्या ५१ ग्रॅमपैकी फक्त ७ ते ८ ग्रॅम बाष्प हवेत असते. उरलेल्या ४३ ग्रॅमची भूक ती हवा मिळेल तेथून भागविते. वाळत घातलेले धोतर पाऊण तासात कोरडे होते ते यामुळेच. झाडाचे पान हे तिच्या दृष्टीने ओले धोतरच होय.

पानातून पाणी जेवढ्या वेगाने उडते तेवढ्या वेगाने मुळे ते पुरवू शकली नाहीत, तर झाड रंध्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण पान थंड होणे थांबते. पान तापते आणि पाण्याच्या वाटेवर सर्वांत शेवटी असलेली पानाची कड व टोक आधी करपते. म्हणजे कुंडीतील माती ओली असतानाही पान करपू शकते. ठिबक चालू असताना मे महिन्यात केळीच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात, तोच हा प्रकार.

यानंतर खरे नुकसान होते. करपलेले पान पाहून घरातील प्रत्येक जण येता-जाता कुंडीत तांब्याभर पाणी ओततो. रंध्रे मिटलेली असल्याने झाड पाणी घेत नाही. माती सतत चिखलासारखी राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि मुळे सडतात. सडलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड आणखी सुकते. ते पाहून आणखी पाणी घातले जाते. उन्हाळ्यात घरातील झाडे तहानेने मरतात, तशी पाण्यात बुडूनही मरतात.

पंखा, कूलर आणि एसी

१) फक्त पंख्याची खोली : पंखा हवा थंड करीत नाही, हलवितो. माणसाला घामामुळे गार वाटते. झाडाच्या पानाभोवती ओलसर हवेचा एक पातळ थर असतो, तो पंख्याच्या वाऱ्याने उडून जातो व पानातील पाणी अधिक वेगाने उडते. खुल्या खिडकीतून येणारी झळ आणि वर पंखा असा दुहेरी मारा मनीप्लँटसारख्या चिवट वेलीलाही सोसत नाही. सकाळी ९ वाजता खिडक्या बंद करून जाड पडदे ओढावेत व सूर्यास्तानंतर उघडाव्यात. कुंड्या पंख्याच्या थेट झोताखाली न ठेवता कोपऱ्यात एकमेकींजवळ ठेवाव्यात. पाच-सहा कुंड्या जवळ असल्या की त्यांच्यामध्ये थोडा ओलावा टिकून राहतो. मोठ्या पानांची, चिवट झाडे वाऱ्याच्या बाजूला व नाजूक झाडे त्यांच्या आड ठेवावीत. शेतातील वारारोधकाचेच हे तत्त्व आहे.

२) कूलरची खोली : कूलर वाळ्याच्या किंवा गवताच्या ओल्या ताट्यांतून हवा ओढतो. पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता खर्ची पडते. हवा कोरडी असेल तितका कूलर चांगला चालतो, म्हणून खानदेशात तो मे महिन्यात उत्तम काम देतो व जुलैमध्ये निरुपयोगी ठरतो. चांगल्या ताट्या असलेला कूलर कोरड्या दिवसात हवा १० ते १५ अंशांनी थंड करतो आणि तिच्यात ओलावाही भरतो. म्हणून घरातील नाजूक झाडांसाठी उन्हाळ्यात कूलरची खोली सर्वांत योग्य होय.

मात्र तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कूलरच्या समोरील खिडकी किंवा दार थोडे उघडे असावे, अन्यथा हवा दमट होऊन कोंडते व पानांवर बुरशीचे ठिपके पडतात. या खोलीत मातीतील पाणी सावकाश उडते, म्हणून पंख्याच्या खोलीतील कुंडीच्या निम्मेच पाणी लागते. तिसरी गोष्ट म्हणजे कूलर लावला की तो रोज चालू ठेवावा लागतो. आठ दिवस ओलसर हवेत राहिलेले झाड कूलर बंद पडताच एका दुपारीत माना टाकते. वीज किंवा पाणी नसेल त्या दिवशी अशा कुंड्या घरातील सर्वांत थंड, अंधाऱ्या खोलीत हलवाव्यात.

३) एसीची खोली : एसी हवा कोरडी करतो म्हणून झाडे मरतात, असा सार्वत्रिक समज आहे. समुद्रकाठच्या दमट गावात तो खरा आहे. आपल्याकडे मे महिन्यात चित्र वेगळे असते. वर सांगितल्याप्रमाणे बाहेरची हवा आधीच इतकी कोरडी असते की एसीला काढून घेण्यासाठी तिच्यात फारसे पाणीच नसते. मे महिन्यात एसीच्या नळीतून थेंब-थेंब पाणी येते व जुलैमध्ये बादली भरते, हे आपण पाहिले असेलच. बाहेरची तीच ४० अंशांची हवा २५ अंशांपर्यंत थंड केली तर तिची आर्द्रता १५ टक्क्यांवरून सुमारे एक तृतीयांशापर्यंत चढते. म्हणजे मे महिन्यात एसीची खोली झाडाला बाहेरच्या ओसरीपेक्षा सुसह्य असते.

मग एसीच्या खोलीत झाडे का मरतात? पहिले कारण थंड झोत. आपली बहुतेक शोभेची झाडे उष्ण, दमट जंगलांतील आहेत. १२ ते १५ अंशांच्या खाली त्यांना थंडीची इजा होते व पानांवर काळपट, पाणी भरल्यासारखे डाग पडतात. यंत्राच्या तोंडाशी हवा खोलीपेक्षा बरीच थंड असते. म्हणून कुंडी झोतापासून किमान ६ ते ८ फूट दूर व बाजूला ठेवावी. दुसरे कारण तापमानातील चढउतार. दुपारी २४ अंश आणि एसी बंद केल्यावर तासाभरात ३६ अंश असा हेलकावा रोज बसला तर पाने गळतात. केवळ रात्री झोपताना एसी लागत असेल तर त्या खोलीत स्नेक प्लँट किंवा झेडझेडसारखीच झाडे ठेवावीत. एसी २४ ते २६ अंशांवर ठेवणे झाडाला, माणसाला व वीजबिलालाही सोयीचे असते. तिसरे कारण अंधार. एसीची खोली पडदे लावून बंद ठेवली जाते व झाड उपाशी राहते.

एसीचे बाहेरचे यंत्र गच्चीत किंवा सज्जात बसविलेले असते. त्यातून बाहेरच्या हवेपेक्षाही गरम हवा निघते. त्याच्यासमोर ठेवलेली तुळस व कढीपत्ता एका आठवड्यात वाळतात. ही जागा कायम मोकळी ठेवावी.

उजेड किती मिळतो ते पाहावे

मोकळ्यावर भर दुपारी सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो. घरात खिडकीपासून ८-१० फुटांवर तो अनेकदा २०० ते ३०० लक्सपर्यंत उतरतो. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, झाडाला जाणवतो. साधी परीक्षा अशी करावी : दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर एक फूट उंचीवर हात धरावा. सावली ठळक व काठ स्पष्ट असेल तर उजेड चांगला. सावली पुसट असेल तर मध्यम. सावलीच पडली नाही तर त्या जागी कोणतेही झाड फार काळ टिकणार नाही.

खिडकीची दिशाही महत्त्वाची आहे. पश्चिमेची खिडकी उन्हाळ्यात सर्वांत घातक असते, कारण हवा सर्वाधिक तापलेली असतानाच तिच्यातून ऊन आत येते. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली, सकाळचे ८-९ वाजेपर्यंतचे ऊन बहुतेक झाडांना मानवते. जळगाव व धुळे ही शहरे सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. त्यामुळे मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. या काळात दक्षिणेच्या खिडकीत ऊन येत नाही. हिवाळ्यात मात्र त्याच खिडकीतून ऊन खोलीत लांबवर येते. म्हणून कुंडीची जागा वर्षातून दोनदा तपासावी.

झाडांची निवड

सर्वांत काटक : स्नेक प्लँट, झेडझेड, कोरफड, जेड. स्नेक प्लँट, कोरफड व जेड ही झाडे निवडुंग व घायपातीप्रमाणे मुख्यतः रात्री रंध्रे उघडतात, त्यामुळे दुपारच्या झळीत त्यांचे पाणी फारसे उडत नाही. झेडझेडच्या मातीतील गड्ड्यांत पाणी साठलेले असते. कोरफड व जेड यांना खिडकीजवळचा भरपूर उजेड लागतो.

मध्यम काटक : मनीप्लँट, रबर प्लँट, ड्रॅसीना, सिंगोनियम, अॅग्लोनेमा, शोभेची शतावरी, स्पायडर प्लँट. थेट झोत व पश्चिमेचे ऊन टाळल्यास ही झाडे उन्हाळा काढतात.

नाजूक : नेचे, पीस लिली, अरेका पाम, कॅलाथिया. कूलरची खोली नसेल तर खानदेशात ही झाडे घेऊ नयेत.

तुळस, कढीपत्ता, गवती चहा ही उन्हाची झाडे आहेत, त्यांना घरात कोंडू नये. उन्हाळ्यात त्यांना अंगणात सकाळचे ऊन मिळेल व दुपारी सावली येईल अशी जागा द्यावी किंवा वर ५० टक्के सावलीचे हिरवे कापड बांधावे.

घरात लहान मुले असल्यास डिफेनबेकिया हे मोठ्या ठिपकेदार पानांचे झाड ठेवू नये. त्याचे पान चावल्यास रसातील सूक्ष्म स्फटिकांमुळे तोंड व घसा सुजतो. मनीप्लँट व अॅग्लोनेमा यांचा रसही दाहक असतो, त्या कुंड्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

घरातील झाडे हवा शुद्ध करतात, असे सांगून रोपवाटिकांत कुंड्या विकल्या जातात. हा समज १९८९ च्या नासाच्या एका अभ्यासावरून पसरला. तो अभ्यास लहान, बंद पेट्यांमध्ये झाला होता. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला असता, नेहमीच्या घरात खिडक्या-दारांतून होणाऱ्या वायुविजनापुढे कुंड्यांचा परिणाम नगण्य ठरला. कुंड्यांनी खोली थंड होत नाही. दहा कुंड्या दिवसभरात जेवढे पाणी हवेत सोडतात, त्यापेक्षा जास्त पाणी कूलर तासाभरात उडवितो. झाडे लावावीत ती डोळ्यांच्या गारव्यासाठी व मनाच्या समाधानासाठी, आणि तेवढे कारण पुरेसे आहे.

नवीन कुंडी केव्हा आणावी

केळीची ऊतिसंवर्धित रोपे प्रयोगशाळेतून काढून थेट शेतात लावता येत नाहीत, हे जळगावच्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. बाटलीतील दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो. म्हणून ती आधी हरितगृहात व नंतर सावलीच्या जाळीखाली काही आठवडे कणखर करून घ्यावी लागतात. रोपवाटिकेतील शोभेच्या झाडांची गोष्ट अशीच आहे. ती दमट हवेत, तुषारांखाली, सावलीत वाढविलेली असतात. एप्रिलमध्ये नाशिक-पुण्याहून आणलेली टवटवीत कुंडी गाडीच्या बंद डिकीतून येऊन दिवाणखान्यात पंख्याखाली ठेवली, तर ती आठ दिवसांत करपल्यास नवल नाही.

नवीन कुंड्या जुलै ते सप्टेंबर या काळात आणाव्यात. हवा दमट असते, झाड नवी मुळे फोडते व उन्हाळा येईपर्यंत घराला सरावते. फेब्रुवारीनंतर खरेदी, कुंडी बदलणे व मोठी छाटणी ही तिन्ही कामे बंद ठेवावीत.

माती व कुंडी

तापी-गिरणा काठची काळी माती कापसाला व केळीला चांगली असली तरी कुंडीला योग्य नाही. ही माती वाळली की आकसते व कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेले पाणी कडेच्या फटीतून थेट तळाशी जाते. वरून पाणी वाहिलेले दिसते, पण मधला मुळांचा गोळा कोरडाच राहतो.

१ भाग पोयट्याची माती, १ भाग जाड वाळू व १ भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत असे मिश्रण करावे. शक्य असल्यास त्यात अर्धा भाग कोकोपीट व कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. कोरफड व स्नेक प्लँटसाठी वाळू दुप्पट घ्यावी. तळाचे छिद्र खापराच्या तुकड्याने झाकावे, बुजवू नये.

मातीची कुंडी माठासारखी पाझरते, त्यामुळे मुळे थंड राहतात, पण पाणी अधिक लागते. प्लॅस्टिकची कुंडी पाणी वाचविते, पण त्यात मुळे कुजण्याचा धोका जास्त. पाण्याची टंचाई असल्यास प्लॅस्टिकची छिद्रे असलेली कुंडी थोड्या मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवावी व मधल्या जागेत वाळू भरून ती ओलसर ठेवावी. मातीवर नारळाच्या शेंड्या, उसाचे पाचट किंवा भुईमुगाच्या टरफलांचे एक इंच जाडीचे आच्छादन करावे.

पाणी : किती, केव्हा, कोणते

रोज ठरावीक पाणी घालण्याची सवय सोडावी. बोट दोन इंच मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. कोरडे लागले तर तळाच्या छिद्रातून पाणी येईपर्यंत सावकाश द्यावे व बशीत साचलेले पाणी अर्ध्या तासाने ओतून टाकावे. स्नेक प्लँट व झेडझेडला कुंडीतील माती बहुतेक कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे.

पाणी सकाळी ८ वाजण्यापूर्वी द्यावे. दुपारी गच्चीवरील प्लॅस्टिकच्या टाकीतील पाणी हात भाजेल इतके तापलेले असते. ते कुंडीत गेल्यास कोवळी मुळे पोळतात. रात्रभर बादलीत भरून ठेवलेले पाणी सर्वांत चांगले.

आपल्याकडे अनेक गावांत कूपनलिकेचे पाणी जड व क्षारयुक्त आहे. कुंडीच्या काठावर व मातीवर जमणारा पांढरा थर म्हणजे हेच क्षार. शेतात ते पावसाने खाली निघून जातात, कुंडीत साठत जातात. पानांची टोके तपकिरी होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. म्हणून पुढील बाबी लक्षात घ्याव्यात.

अ) कूलरच्या टाकीतील उरलेले पाणी कुंड्यांना घालू नये. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. ४० लिटरची टाकी वरचेवर भरत चार दिवसांत १६० लिटर पाणी घातले व शेवटी ४० लिटर उरले, तर त्या ४० लिटरमध्ये जवळजवळ १६० लिटरचे क्षार असतात. म्हणजे पाणी सुमारे चौपट खारे झालेले असते.

आ) पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणीही असेच अधिक क्षारांचे असते. ते फरशी पुसणे, भांडी घासणे यासाठी वापरावे.

इ) एसीच्या नळीतून पडणारे पाणी हे हवेतील बाष्पाचे झालेले असल्याने त्यात क्षार नसल्यासारखेच असतात. ते शोभेच्या कुंड्यांना चालते. तुळस, कढीपत्ता यांसारख्या खाण्याच्या झाडांना मात्र घालू नये, कारण यंत्रातील धूळ व बुरशी त्यात येऊ शकते.

ई) जुलैमध्ये पाऊस लागला की प्रत्येक कुंडी सावलीच्या जागी एक-दोन दिवस पावसात ठेवावी. वर्षभराचे क्षार फुकट धुऊन निघतात. त्यासाठी नळाचे पाणी वापरायचे झाल्यास कुंडीतील मातीच्या दुप्पट पाणी लागते.

कूलरची टाकी व कुंड्यांखालील बश्या आठवड्यातून एक दिवस रिकाम्या करून, घासून, कोरड्या कराव्यात. डेंग्यू पसरविणारा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो व साधारण आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात.

टंचाईच्या गावात काय करावे

नळाला आठ दिवसांनी पाणी येत असेल किंवा टँकरवर गाव असेल, तर शोभेच्या झाडांवर पिण्याचे पाणी खर्च करू नये. बारा कुंड्यांऐवजी चारच ठेवाव्यात व त्याही स्नेक प्लँट, झेडझेड, कोरफड यांच्या. अशा चार कुंड्यांना आठवड्याला तीन-चार लिटर पाणी पुरते. डाळ-तांदूळ व भाजी धुतलेले पाणी एवढे रोजच्या स्वयंपाकात निघते. त्यात मीठ किंवा साबण नसावा व ते त्याच दिवशी वापरावे. उरलेल्या रोपांची जुलैमध्ये कलमे करून पुन्हा लागवड करता येते. मनीप्लँटचा दोन पेरांचा तुकडा बाटलीभर पाण्यात मृगापर्यंत सहज जगतो.

खते व किडी

एप्रिल ते जून कुंडीला कोणतेही रासायनिक खत देऊ नये. शेतासाठी आणलेल्या युरियाची चिमूट टाकण्याचा मोह टाळावा. क्षार वाढून मुळे जळतात. पावसाळ्यात १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम याप्रमाणे २० दिवसांच्या अंतराने द्यावे.

गरम व कोरड्या हवेत लाल कोळी झपाट्याने वाढतो. वांगी व पपईवर येणारी ही कीड घरातही येते. तिची एक पिढी आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. पानावर बारीक फिकट ठिपके व खालच्या बाजूस जाळी दिसते. आठवड्यातून एकदा पानांची खालची बाजू ओल्या फडक्याने पुसावी. यामुळे धूळही निघते व पानाला उजेड मिळतो. कीड दिसताच कुंडी वेगळी काढून पाने पाण्याने धुवावीत. नंतर ५ मिलि निंबोळी तेल व १ मिलि पातळ साबण एक लिटर पाण्यात मिसळून सायंकाळी, घराबाहेर फवारावे. पिठ्या ढेकूण असल्यास स्पिरिटमध्ये भिजविलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढावा.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. शेतकऱ्याच्या घरात कपाशी-केळीसाठी आणलेल्या कीटकनाशकाची बाटली हाताशी असते. तिच्यातील चार थेंब घरातील कुंडीवर मारणे सोपे वाटते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात उघड्या शेतात फवारणी करतानाही विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले. घराची खोली बंद असते, पंख्या-कूलरने तीच हवा फिरत राहते, आणि तेथे लहान मुले व म्हातारी माणसे झोपतात. शेतीची कीटकनाशके घरात कधीही, कितीही थोडी, वापरू नयेत. झाड फार किडले असेल तर ते कुंडीसह बाहेर काढावे. झाड पुन्हा लावता येते.

लग्नसराईत घर बंद असताना

मे महिन्यात कुटुंब आठ-आठ दिवस बाहेर असते व बंद घर भट्टीसारखे तापते. निघण्याच्या आदल्या दिवशी कुंड्यांना भरपूर पाणी द्यावे. सर्व कुंड्या खालच्या मजल्यावरील उत्तरेच्या खोलीत किंवा उजेड येणाऱ्या न्हाणीघरात जमिनीवर एकत्र ठेवाव्यात. खाली ओले गोणपाट अंथरावे. जवळ पाण्याची बादली विटेवर उंच ठेवून सुती कापडाच्या पिळलेल्या वाती करावीत. वातीचे एक टोक बादलीच्या तळाशी व दुसरे कुंडीच्या मातीत दोन इंच पुरावे. पाणी वातीने हळूहळू उतरत राहते. बादली कापडाने बांधून झाकावी, म्हणजे डास होणार नाहीत. ही व्यवस्था निघण्याच्या दोन दिवस आधी करून पाहावी, म्हणजे वात जाड की बारीक हवी ते कळते.

लक्षणांवरून निदान

१) पानांच्या कडा व टोके करपली, माती ओली : कोरडी हवा किंवा क्षार. पाणी वाढवू नये, जागा बदलावी.
२) खालची पाने पिवळी, देठ मऊ, मातीला कुबट वास : मुळे सडत आहेत. पाणी बंद करावे, झाड काढून काळी मुळे कापावीत व कोरड्या मिश्रणात लावावे. फेब्रुवारीनंतर कुंडी बदलू नये या नियमाला हा एकच अपवाद.
३) दुपारी माना टाकतात, सायंकाळी सावरतात : झळीचा परिणाम. सावली व आडोसा द्यावा.
४) सकाळीही माना टाकलेल्या, कुंडी उचलल्यास हलकी : खरी तहान. कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून निथळून घ्यावी.
५) वेल लांबट, पाने लहान व फिकट : उजेड कमी.
६) काळपट, पाणी भरल्यासारखे डाग : एसीचा थेट झोत.

महिनावार कामे

फेब्रुवारी : वाळलेली पाने काढणे, पश्चिमेच्या खिडकीतील कुंड्या हलविणे.
मार्च : आच्छादन करणे, कुंड्या जमिनीवर उतरविणे, कूलरच्या ताट्या बदलणे.
एप्रिल-मे : बोटाने ओल पाहून पाणी, आठवड्याला पाने पुसणे, खत बंद.
जून : पहिल्या पावसानंतर कुंड्या हळूहळू उजेडात आणणे. करपलेले झाड लगेच फेकू नये, बुंधा हिरवा असल्यास नवीन फूट येते.
जुलै-सप्टेंबर : पावसात क्षार धुणे, कुंड्या भरणे, कलमे व नवीन खरेदी.
ऑक्टोबर-जानेवारी : पाणी कमी करणे, दक्षिणेच्या खिडकीतील उन्हाचा लाभ देणे.

थोडक्यात, योग्य झाडाची निवड, झोतापासून आडोसा, पुरेसा उजेड, क्षार नसलेले पाणी आणि पाणी घालण्यापूर्वी मातीत बोट घालून पाहण्याची सवय एवढ्या पाच गोष्टी सांभाळल्या तर खानदेशच्या उन्हाळ्यातही घरातील कुंड्या हिरव्या राहतात. यंदा आहेत त्या कुंड्यांपासूनच सुरुवात करावी व प्रथम त्यांच्या बश्यांतील साचलेले पाणी ओतून टाकावे.